परड, नवरंग आणि चार मीटर

मागच्या पंधरवड्यात तिघीचौघींनी विचारलं. सापांचे फोटो काढायला जायचं तर सुरुवात कुठून करायची, परवानगी लागते का, खर्च किती येतो, भीती नाही का वाटत? मार्चमध्ये मलाही हेच प्रश्न पडले होते आणि सगळी उत्तरं एका जागी मिळाली नव्हती. म्हणून मार्च ते जून काय काय झालं ते क्रमाने लिहून ठेवते आहे.

भीतीपासून सुरू करते, कारण माझ्याकडे तीच सगळ्यात जास्त होती. माझं माहेर काटोलकडचं, संत्र्याच्या बागांचं. बारा वर्षांपूर्वी काका रात्री बागेत ओलीत करत असताना त्यांना परड चावली. घोणसेला आमच्याकडे परड म्हणतात. गावात कुणी पायाला दोरी आवळली, कुणी लिंबाचा पाला चघळायला दिला, आणि त्यात तास-दीड तास गेला. शेवटी नागपूरला मेडिकलमध्ये, म्हणजे मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात आणलं. तिथल्या डॉक्टरांनी काचेच्या नळीत रक्त घेतलं आणि वीस मिनिटं न हलवता ठेवलं. ते गोठलं नाही. तेवढ्यावरून त्यांना विषाचा प्रकार कळला. नऊ दिवस, सापविषावरच्या लशीच्या कितीतरी बाटल्या, दोनदा डायलिसिस. काका वाचले. त्यांचा डावा पाय अजूनही पावसाळ्यात सुजतो. मी ते नऊही दिवस वॉर्डाबाहेरच्या बाकावर होते. त्यानंतर कित्येक वर्षं टीव्हीवर साप दिसला तरी मी चॅनेल बदलायचे.

पक्ष्यांचे फोटो मी चार वर्षांपासून काढते. नागपुरातलेच अंबाझरी, फुटाळा, गोरेवाडा हे तलाव, सुट्टीच्या दिवशी जमेल तिथे. गेल्या सप्टेंबरात गोरेवाड्याला तुरेवाला सर्पगरुड मिळाला, पंजात साप धरलेला. फोटो चांगला होता, पण मला तो उघडून पाहवेना. आमच्या सकाळच्या गटात जीवशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक येतात, सगळे त्यांना सरच म्हणतात. त्यांनी फोटो पाहिला आणि विचारलं, "साप कोणता आहे?" मला सांगता आलं नाही. ते म्हणाले, "पक्षी ओळखतेस, आणि तो जगतो कशावर ते पाहायचं टाळतेस." त्यात टोमणा नव्हता. मला मात्र ते लागलं.

सर दरवर्षी जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात पाच-सहा जणांना घेऊन पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या बफरमध्ये, म्हणजे जंगलाच्या गाभ्याभोवतीच्या पट्ट्यात, जातात. वेळ ठरवून निवडलेली असते. नवरंग पक्षी हिवाळा दक्षिणेत आणि श्रीलंकेत काढून पावसाच्या तोंडावर आपल्याकडे विणीसाठी आलेला असतो, आणि पहिल्या पावसाने जमीन भिजली की साप हिंडायला लागतात. शिवाय १ जुलै ते ३० सप्टेंबर कोअर क्षेत्र, म्हणजे जंगलाचा गाभा, पर्यटकांना बंद असतं, त्यामुळे एखादी सफारी करायची तर जून संपायच्या आत. मी ५ मार्चला नाव दिलं.

नाव दिल्यावर एक अर्ज हातात आला. आधार कार्डाची प्रत, रक्तगट, घरच्या दोन माणसांचे नंबर, चालू असलेली औषधं, डॉक्टरांचं तब्येतीचं प्रमाणपत्र, आणि शेवटी हमीपत्र. त्यात तीन अटी होत्या. सापाला हात, काठी, आकडा काहीही लावणार नाही. पक्ष्याला बोलावण्यासाठी त्याच्या आवाजाचं रेकॉर्डिंग वाजवणार नाही. घरट्याचा फोटो काढणार नाही. सही करण्याआधी सरांनी आम्हाला समोर बसवून कायदा समजावून सांगितला. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चा. त्यात शिकार या शब्दाच्या व्याख्येत मारण्याबरोबर पकडणं, हाकणं आणि आमिष दाखवणंही येतं. २०२२ च्या दुरुस्तीनंतर, म्हणजे १ एप्रिल २०२३ पासून, नाग, घोणस, धामण आणि दिवड हे आपल्या अंगणात दिसणारे साप पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात जास्त संरक्षण असलेल्या यादीत आहेत. फोटोसाठी साप पकडून दगडावर मांडणं हा गुन्हा आहे, हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हतं. इंटरनेटवर जे सुंदर फोटो मी पाहत होते त्यातल्या बऱ्याच सापांची वेटोळी अगदी नीट, फांदीच्या मधोमध का असतात, हेही त्या दिवशी लक्षात आलं.

एप्रिल सरावात गेला. सरांची अट होती की निदान तीन रविवार जमिनीलगतचे फोटो काढायचे. सरडा, बेडूक, पाण्यावर येणारा होला पक्षी, काहीही चालेल. मी नेहमी झाडावर पाहणारी. खाली पाहायची सवयच नव्हती. पारा ४४ वर, सकाळी साडेआठलाच डोळे चुरचुरायचे. पण या सरावात दोन गोष्टी समजल्या. एक, उभं राहून खाली रोखून काढलेला फोटो मेलेला वाटतो. कॅमेरा प्राण्याच्या डोळ्याच्या उंचीला आला की तो जिवंत होतो. दुसरी, त्यासाठी आडवं पडायची गरज नाही. माझ्या जुन्या कॅमेऱ्याचा मागचा स्क्रीन बाहेर उघडतो. कॅमेरा बुटक्या ट्रायपॉडवर ठेवायचा, स्क्रीन वर वळवायचा आणि आपण मागे उकिडवं बसायचं. सापाच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं आहे, कारण आडव्या पडलेल्या माणसाला पटकन मागे सरता येत नाही. कॅमेरा घेणार असाल तर बाकी काही नसलं तरी चालेल, हा फिरता स्क्रीन असू द्या.

मे महिना कागदांचा. मला वाटलं बफरमध्ये पायी फिरायला स्वतंत्र परवानगी लागेल, म्हणून ६ मे रोजी एका कार्यालयात अर्ज दिला. आवक क्रमांक घेतला, प्रतीवर शिक्का मारून घेतला. आठवड्याने गेले तर अर्ज दुसऱ्या टेबलावर गेला होता. आणखी चार दिवसांनी गेले तर संबंधित साहेब दौऱ्यावर. सगळ्या खेपा दुपारच्या सुट्टीत, ऑफिसमधून धावत. २३ मे रोजी उत्तर मिळालं, म्हणजे सतरा दिवसांनी: स्वतःच्या मर्जीने पायी फिरता येणार नाही, गावाच्या परिस्थितीकीय विकास समितीकडून चालवल्या जाणाऱ्या निसर्गवाटेवर, स्थानिक मार्गदर्शकासोबत, दिवसा उजेडी जाता येईल, अंधार पडल्यावर जंगलात प्रवेश नाही. सरांनी हेच मला मार्चमध्ये तोंडी सांगितलं होतं. तरी त्या खेपा फुकट गेल्या असं मला वाटत नाही. कागद हातात असला की माणूस निर्धास्त असतो, आणि नियम कुठे संपतो हे स्वतः वाचलेलं बरं. तुम्ही अर्ज कराल तर आवक क्रमांक आणि तारीख जपून ठेवा. दुसऱ्या खेपेपासून बोलणं त्यावरच होतं.

कोअरमधल्या एका सफारीचं बुकिंग ऑनलाइन केलं. बुकिंगला जे ओळखपत्र दिलं तेच मूळ प्रतीत गेटवर दाखवावं लागतं. आमच्यातल्या एकीने बुकिंगला पॅन कार्ड दिलं आणि येताना आधार आणलं, तिला अर्धा तास समजूत घालत उभं राहावं लागलं. मोठ्या लेन्सचं आम्हाला वेगळं शुल्क लागलं, तेही आधी विचारून ठेवा.

तब्येतीचं प्रमाणपत्र घ्यायला आमच्या डॉक्टरांकडे गेले तेव्हा त्यांना मी स्पष्ट विचारलं, साप चावला तर काय करायचं? त्यांनी एक कागद काढला आणि दोन ओळींत लिहून दिलं: पाय हलवायचा नाही, खपच्ची बांधून उचलून न्यायचं, अंगठी-पैंजण काढायचे, दोरी बांधायची नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही, सरळ सरकारी रुग्णालय. भारतात मिळणारी लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर चालते आणि सरकारी रुग्णालयात मोफत मिळते. तो कागद मी कॅमेऱ्याच्या बॅगेत ठेवला. जायच्या आदल्या दिवशी सरांनी रामटेकच्या सरकारी रुग्णालयात फोन करून लस शिल्लक आहे का ते विचारलं आणि तिथपर्यंत गाडीला किती वेळ लागतो ते वहीत लिहिलं. कोणत्याही गटाबरोबर जा, पण हा फोन कुणी केला आहे का ते नक्की विचारा.

१८ जूनला संध्याकाळी नागपूरच्या बर्डी बाजारातून १००-४०० ची, दूरचं जवळ आणणारी लेन्स भाड्याने घेतली. दिवसाचे ८५० रुपये, अनामत १५,०००. घेताना लेन्सच्या पुढच्या-मागच्या काचेचा मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवला. परत करताना एका ओरखड्याचा विषय निघाला, तो त्या व्हिडिओमुळे मिटला. कॉटन मार्केटमधून शेतकरी वापरतात ते गमबूट घेतले, ४८० रुपये.

१९ जून. सकाळी सहाला निघालो. कामठी, कन्हान, मनसर, पुढे जंगल. या महामार्गावर पेंचच्या पट्ट्यात प्राण्यांना रस्त्याखालून जाता यावं म्हणून नऊ भुयारी मार्ग आणि पूल बांधलेले आहेत. वरून जाताना कळतही नाही की खालून वाघ, चितळ जात असतील. आम्ही पोचलो तेव्हा आकाश कोरडं होतं. दिवसभर उकाडा, घामाने हातातून कॅमेरा घसरत होता. पहिल्या दिवशी मला एकही फोटो मिळाला नाही. दुपारी पावशा सारखा "पेरते व्हा, पेरते व्हा" ओरडत होता, आणि संध्याकाळी साडेपाचनंतर सागाच्या दाटीतून दोन सुरांची स्वच्छ शीळ ऐकू यायला लागली. नवरंग. एकाने दिली की दुसरीकडून उत्तर. आम्ही तासभर नुसते ऐकत बसलो.

इथे एक सांगते. वातानुकूलित खोलीतून किंवा गाडीतून कॅमेरा एकदम बाहेर काढला की लेन्सवर वाफ धरते आणि वीस-पंचवीस मिनिटं काही दिसत नाही. नागपुरात कूलरमध्ये राहणाऱ्या मला हे माहीतच नव्हतं. रात्री कॅमेऱ्याची बॅग खोलीबाहेरच्या पडवीत ठेवायची, एवढा साधा उपाय आहे.

२० जूनला पहाटे पाचला निसर्गवाटेवर निघालो. आमचा मार्गदर्शक जवळच्या गावातला तरुण, तिशीच्या आतला. त्याने सगळ्यांचे बूट तपासले आणि एकच सूचना दिली: "माह्या पावलावर पाऊल. थांबलो का थांबायचं." शिळेच्या दिशेने जाऊन आम्ही एका नाल्याच्या काठी बसलो. नवरंग झाडावर शोधू नका, तो बहुतेक वेळ जमिनीवर असतो. पाला उलटवत, किडे टिपत, टुणटुण उड्या मारत जातो. आखूड शेपटी, पाठ हिरवी, डोळ्यावरून काळा पट्टा, पोटाखाली लाल, आणि पंखावर एक निळा तुकडा, जो तो वळला की क्षणभर पेटल्यासारखा दिसतो. चाळीस मिनिटांनी तो आला. आमच्यापासून बारा-तेरा मीटरवर. झाडीखाली उजेड इतका कमी की आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची क्षमता, ३२०० वर नेऊनही शटरचा वेग १/१६० सेकंदाच्या पुढे जाईना. मी ऐंशी फोटो काढले, पंचाहत्तर हललेले. पाच बरे आहेत. तो पाय रोवून शीळ द्यायला मान मागे टाकतो तेव्हा एक क्षण स्थिर असतो, ते पाच त्या क्षणाचे. शिळेकडे लक्ष ठेवलं तर बोट आधीच तयार राहतं.

थोड्या वेळाने त्याच्या चोचीत वाळलेली पानं आणि काड्या दिसल्या. घरटं जवळ असणार. नवरंगाचं घरटं बहुधा जमिनीवर किंवा अगदी खालच्या फांदीत असतं, काड्यांचा घुमटासारखा गोळा. सरांनी काही न बोलता उठायची खूण केली आणि आलो त्याच वाटेने परतलो. गटातल्या एका मुलाला वाईट वाटलं, अजून उजेड वाढणार होता. पण घरट्याजवळ सहा माणसं बसून राहिली तर काय होतं, ते सरांनी चहाच्या वेळी सांगितलं. आपण उठून गेल्यावर आपल्या वासामागे, वाकलेल्या गवतामागे मुंगूस येतं, रानमांजर येतं. घरी आल्यावर मी फोटोंमधली ठिकाणाची नोंद काढून टाकली, आणि ते नेमके कुठे काढले हे कुणालाही सांगितलेलं नाही. इथेही म्हणूनच गावाचं नाव लिहीत नाही.

दुपारी चारला पाऊस आला. मृग कोरडा गेला म्हणून गावातली माणसं काळजीत होती, ती अंगणात येऊन उभी राहिली. रात्री आठला आम्ही जिथे उतरलो होतो त्या आवाराच्या भिंतीवर साप निघाला. वीत-दीड वीत लांब, तपकिरी, अंगावर पांढरट पट्टे. स्वयंपाकाच्या मावशी ओरडल्या, "मण्यार हाय!" सरांनी टॉर्च बाजूने धरला आणि आम्हाला दुरून पाहायला लावलं. पट्टे मानेपासून सुरू होत होते आणि शेपटीकडे फिके होत होते. मण्यारीचं उलट असतं, तिचे पट्टे शेपटीकडे ठळक आणि बहुधा जोडीजोडीने, आणि पाठीच्या मधोमध मोठ्या षटकोनी खवल्यांची ओळ. म्हणजे हा कवड्या होता, बिनविषारी, भिंतीवरच्या पाली खायला आलेला. तरी हात कुणीच लावला नाही. ओळखण्यात चूक झाली तर ती जन्माची असते, आणि मण्यारीचा दंश रात्री झोपेत कित्येकदा जाणवतही नाही. मी पंधरा फोटो काढले, फ्लॅश न वापरता, टॉर्चच्या बाजूच्या उजेडात. सापाला पापण्या नसतात, तो डोळे मिटून घेऊ शकत नाही. हे कळल्यावर समोरून फ्लॅश मारायची इच्छा राहत नाही.

त्याच रात्री गावातल्या एका घरात नाग निघाला. वनविभागाकडे नोंद असलेला सर्पमित्र आला, त्याने नाग बरणीत घेतला आणि तो सोडायला निघाला. आमच्यातल्या एकाने त्याला विनवलं, "सकाळपर्यंत ठेवा ना, उजेडात दोन फोटो घेतो." सर्पमित्राने सरळ नाही म्हटलं. म्हणाला, "घरातून काढायला परवानगी हाय, तुमच्या फोटोसाठी ठेवायला नाही." मला त्या माणसाबद्दल फार आदर वाटला. पैसे देऊ केले असते तरी त्याने ते घेतले नसते, असं त्याच्या बोलण्यावरून दिसत होतं.

२१ जून. पहाटे निसर्गवाटेकडे जाताना गावच्या डांबरी रस्त्यावर तीन साप चिरडलेले मिळाले, दोन दिवड आणि एक मण्यार. पावसाने बाहेर पडले आणि रात्रीच्या गाड्यांखाली आले. महामार्गाखाली भुयारं आहेत, या लहान रस्त्यांना काही नाही. सरांनी तिन्ही ठिकाणी पट्टी ठेवून नोंदीसाठी फोटो काढायला लावले आणि मग काडीने ते कडेला केले, नाहीतर त्यांना खायला उतरलेला पक्षीही गाडीखाली यायचा. मी मण्यारीचा फोटो काढला तेव्हा तिच्या अंगावरची ती जोडीजोडीची रेघ पहिल्यांदा नीट पाहिली. रात्रीचीच गोष्ट, किती सहज चूक झाली असती.

सातच्या सुमारास वाटेच्या उजव्या हाताला सातभाई पक्ष्यांनी गलका केला. सात-आठ जण एका झुडपाभोवती, शेपट्या खाली करून, सगळ्यांचं तोंड एकाच जागेकडे. वर एक टकाचोर पक्षी येऊन बसला, तोही कर्कश ओरडायला लागला. मी कॅमेरा टकाचोराकडे उचलला आणि मार्गदर्शकाचा हात माझ्यापुढे आडवा आला.

"ताई, तिथंच. पाय नका उचलू."

"कुठे आहे?"

"त्या आडव्या फांदीच्या अलीकडं, पाल्यात. पाल्यासारखाच दिसून राह्यला."

मला दिसत नव्हतं. सागाची मोठी वाळकी पानं, ओली, एकमेकांवर पडलेली. मी पान-पान करत पाहत गेले आणि मग एका पानाच्या कडेला काळी किनार असलेला लांबट गोल ठिपका दिसला, त्याच्या पुढे दुसरा, पुढे तिसरा, साखळीसारखे. त्यांच्या टोकाला तिकोनी डोकं. परड. सहा-सात पावलांवर.

त्या क्षणी मला काय झालं ते लिहिणं गरजेचं आहे, कारण हे वाचणाऱ्या कुणाला तरी ते होणार आहे. कानात आवाज भरला, तळवे गार पडले, आणि मला मेडिकलचा तो बाक दिसला. मी सरांना हळू आवाजात सांगितलं की मला जमणार नाही. ते म्हणाले, "मग काढू नकोस, नुसती पाहा. तो कुठेही जात नाहीये." मी पाहत राहिले. खरंच तो काही करत नव्हता. घोणस दबा धरून बसणारा साप आहे, उंदीर समोरून जाईपर्यंत एकाच जागी तासन् तास पडून राहतो. अंगाची कडा श्वासाबरोबर जराशी फुगत होती, बसत होती. पाच-सात मिनिटांनी माझाही श्वास सावकाश झाला.

सरांनी पट्टा काढून अंतर मोजलं नाही, पण एका वाळक्या फांदीशी रेष ठरवून दिली: चार मीटर, याच्या पुढे कुणी नाही. मार्गदर्शक सापाकडे पाहत उभा राहील, फोटो काढणार नाही, बोलणारही नाही. एका वेळी एकच जण रेषेपाशी, बाकीचे मागे. बसण्याआधी बसायची जागा काठीने पाला सारून तपासायची, कारण जिथे एक आहे तिथे दुसरा नसेलच असं नाही. माझी पाळी शेवटी आली. ट्रायपॉड जमिनीलगत, स्क्रीन वर वळवलेला, ४०० वर लेन्स, एफ ८, शटर १/३२०, आयएसओ १६००. डोळ्यावर फोकस केला. स्क्रीनवर तो डोळा मोठा करून पाहिला तेव्हा बाहुली उभी, बारीक, आणि भोवतीचा रंग सोनेरी तपकिरी, त्यावर धाग्यांसारख्या रेषा. मी बारा वर्षं ज्याला घाबरले त्याला डोळा आहे याचा मी कधी विचारच केला नव्हता.

जीभ बाहेर आलेला फोटो हवा असेल तर शटर याहून वेगाचं लागतं. माझ्या तशा प्रत्येक फोटोत जिभेची टोकं पुसली गेली आहेत.

पंचवीसेक मिनिटांनी मागून गुरांच्या घंटा ऐकू आल्या. सापाला जमिनीतून ते आधीच कळलं असावं. अंग फुगलं, वेटोळं आवळलं आणि फुत्कार आला. मी तो आवाज ऐकला नव्हता कधी. कुकरची शिटी सुटायच्या आधी वाफ निघत राहते तसा, पण लांब, थांबत नाही असा. सरांनी आम्हाला तीन पावलं मागे घेतलं, मार्गदर्शकाने गुराख्याला हाक देऊन गुरं नाल्याच्या पलीकडून वळवायला सांगितली. "परड हाय का?" त्याने लांबूनच विचारलं आणि मुकाट्याने गुरं वळवली. थोड्या वेळाने सापाने वेटोळं सोडलं आणि जड चालीने बांबूच्या बेटात गेला. कुणी मागे गेलं नाही. मी खाली बसले आणि मला रडू आलं. दोघीजणी शेजारी येऊन बसल्या, कुणी काही विचारलं नाही.

२२ जूनच्या सकाळी कोअरची सफारी. गेटवर मोबाइल जमा करून घेतले. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात वाघीण आणि तिच्या बछड्यांना जिप्सींनी दोन्ही बाजूंनी अडवलं होतं. त्या प्रकाराची उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली होती. गेटवर गाड्यांच्या रांगेत उभं असताना मला सारखं तेच आठवत होतं. आम्ही चालकाला आधीच सांगून ठेवलं होतं की वाघ दिसला नाही तरी चालेल, गाडी हळू ने. वाघ दिसला नाही. स्वर्गीय नर्तकाचा नर दिसला, पांढरीशुभ्र लांब शेपटी घेऊन ओढ्यावर बुडी मारणारा. उंबरावर हरियालांचा थवा. आणि परतताना रस्ता ओलांडणारी आठ फुटी धामण. चालकाने इंजिन बंद करून वाट पाहिली. मागची गाडी हॉर्न वाजवत होती, तरी तो हलला नाही.

खर्चाचा हिशेब असा. गटाची वर्गणी ९,५०० (राहणं, जेवण, मार्गदर्शक, एक सफारी, नागपूरहून जाणं-येणं), लेन्सचं पाच दिवसांचं भाडं ४,२५०, गमबूट ४८०, डोक्याला बांधायचा टॉर्च १,१००, कॅमेऱ्याचं पावसाळी कव्हर ६५०, ओल शोषणाऱ्या पुड्या १५०, डॉक्टरांचं प्रमाणपत्र ३००, सरावाच्या रविवारांचं पेट्रोल आणि चहापाणी १,२००. एकूण १७,६३०. कॅमेरा आधीचा होता, तो यात धरलेला नाही. पैसे वाचवायचे असतील तर लेन्स दोघींत मिळून घ्या, चार मीटरच्या रेषेवर एका वेळी एकच जण बसतो. टॉर्च आणि बूट यांत मात्र काटकसर करू नका. २,३०० फोटोंमधून ४१ ठेवले, त्यात सापांचे १४.

जुलैच्या पहिल्या रविवारी लॅपटॉप घेऊन काटोलला गेले. काकूने आधीच बजावलं होतं की त्यांना दाखवू नकोस. पण काकांनीच विचारलं, जंगलात काय पाहिलं म्हणून. मी नवरंग दाखवला, धामण दाखवली आणि मग विचारून परडीचा फोटो उघडला. ते बराच वेळ पाहत राहिले. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"किती दूर होती तू?"

"चार मीटर."

"माह्या पायापाशी असाच होता. पाल्यात. पाहूनही दिसला नसता." मग म्हणाले, "हा मोठा करून दे. बागेत तोडणीला बाया येते, त्याइले दाखवतो. पावसात त्याच पाल्यात हात घालते त्या."

मी बारा बाय अठराच्या दोन प्रती काढून लॅमिनेट करून दिल्या, एक गोठ्यात लागली आणि एक बागेतल्या मोटारीच्या खोलीत. मागच्या आठवड्यात काकांचा फोन आला. बायांनी फोटो नीट पाहिला, पण एकीने विचारलं की अजगराचं पिल्लूही असंच दिसतं ना, मग ओळखायचं कसं. काकांना शेजारी लावायला अजगराचा फोटो हवा आहे. माझ्याकडे तो नाही. सर म्हणतात हिवाळ्यात, ऊन खायला बाहेर येतात तेव्हा. नोव्हेंबरसाठी मी नाव दिलं आहे.